डोळ्याच्या खोबणीचे हाड मोडते तेव्हा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



ह्या व्यासपीठावरून बोलण्याचा मान मला कधी मिळेल असे वाटले नव्हते. चिटणीसबाई घरी आल्या तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, मी जन्मभर डोळ्यांच्या वॉर्डात परिचारिका. बोलण्याचे काम डॉक्टरांचे, आमचे काम हातांचे." त्यावर त्या म्हणाल्या, "डॉक्टर बोलतात ते आम्हांला कळत नाही, आणि न कळलेले विचारायचा धीर होत नाही. तुम्हीच बोला." त्यांचे म्हणणे मला मोडवले नाही. तेव्हा १९८१ ते २०१६ अशी पस्तीस वर्षे वॉर्डात जे पाहिले आणि मागाहून वाचून पडताळून घेतले, तेवढेच सांगते. औषध मी सांगणार नाही. तो माझा अधिकार नव्हे.

विषय डोळ्याच्या खोबणीचा का, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. गेल्या श्रावणात आपल्यातील एक भगिनी स्कूटरवर मागे बसून जात असता गतिरोधकावर उसळून पडल्या. डोक्यावर हेल्मेट नव्हते. उजवा गाल रस्त्यावर आपटला, डोळ्याखालचे हाड मोडले, आणि गणपतीच्या आधी त्यांचे ऑपरेशन झाले. आज त्या दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत आणि त्यांच्या परवानगीनेच मी हे बोलते आहे. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी आपण आठदहा जणी त्यांना भेटायला गेलो होतो. कोणी शहाळी नेली, कोणी मऊ भात नेला. आणि आपल्यापैकीच कोणीतरी विचारले, "अजून एकाचे दोन दिसतात? मग एवढे ऑपरेशन केले ते कशाला?" मी तिथेच उभी होते. उत्तर मला येत होते, पण घोळक्यात मी गप्प राहिले. त्यानंतर त्या दीड महिना घराबाहेर पडल्या नाहीत. त्या दिवशीचे राहिलेले उत्तर आज देते.

आधी खोबण म्हणजे काय ते पाहू. डोळा कवटीला चिकटवलेला नसतो; आडव्या ठेवलेल्या शंकूसारख्या एका पोकळीत तो असतो. ही पोकळी सात हाडांची मिळून झालेली आहे. तिच्यात साधारण तीस मिलिलिटर, म्हणजे पोहे वाढायच्या मोठ्या चमच्याने दोन चमचे, एवढीच जागा. त्यात बुबुळासकट सबंध डोळ्याचा गोळा सातएक मिलिलिटरचा. बाकीच्या जागेत डोळा फिरवणारे स्नायू, नसा, रक्तवाहिन्या आणि मऊ चरबी. गादीवर ठेवलेल्या काचेच्या हंडीसारखा डोळा त्या चरबीवर बसलेला असतो.

ह्या खोबणीचा काठ दणकट. आपण बोटाने चाचपला तर पाट्याच्या कडेसारखा लागतो. परंतु आतला तळ अंड्याच्या कवचासारखा पातळ आणि नाकाकडची भिंत तर त्याहूनही पातळ. शरीरशास्त्रज्ञांनी तिला नावच 'कागदी पत्रा' अशा अर्थाचे दिले आहे. तळाच्या खाली गालाच्या हाडातली पोकळी, जिला आपण सर्दी झाली की सायनस म्हणून शिव्या देतो ती. तळाच्याच हाडातून एक नस पुढे गालावर येते. गाल, नाकाची बाजू, वरचा ओठ आणि वरचे पुढचे दात ह्यांची संवेदना तिच्यावर अवलंबून. एवढे लक्षात ठेवले की पुढचे सगळे आपोआप समजते.

आता मार बसला तर काय होते? वस्तू किती मोठी, ह्यावर पुष्कळ अवलंबून असते. खोबणीचे तोंड सुमारे चार सेंटिमीटर रुंद. विटीदांडूतली विटी, बॅडमिंटनचे फूल, दगडाचा खडा ह्या वस्तू काठाच्या आत शिरतात आणि सरळ डोळ्यालाच इजा करतात. क्रिकेटचा चेंडू, कोपर, गुडघा, मूठ ह्या वस्तू काठावर अडतात. पण त्यांचा दाब आत पोचतो आणि सर्वांत नाजूक जागा, म्हणजे तळ, खाली फुटतो. न्यूयॉर्कचे बायरन स्मिथ आणि विल्यम रेगन ह्या डॉक्टरांनी १९५७ साली हे दाखवून दिले. त्यांच्याकडे चेंडू लागलेला एक रोगी आला होता. म्हणून त्यांनी मृतदेहाच्या मिटलेल्या पापणीवर तसाच चेंडू ठेवून वर हातोडा मारला आणि तळ तसाच फुटतो का ते पाहिले. ऐकायला विचित्र वाटते, पण त्यांनी दिलेले नाव आजही चालते. तळ फुटतो म्हणूनच पुष्कळदा डोळा वाचतो, असेही जाणकार मानतात. भांड्यात वाफ कोंडली की झडप उडावी आणि भांडे वाचावे, तसे.

तळ फुटला की चरबी आणि कधी कधी डोळा खाली फिरवणारा स्नायू त्या भगदाडात उतरतो किंवा अडकतो. मग तीन गोष्टी घडतात. डोळा नीट वर-खाली फिरत नाही, म्हणून एकाचे दोन दिसतात. जागा वाढल्यामुळे डोळा आत जातो; एक मिलिलिटर जागा वाढली तर जवळजवळ एक मिलिमीटर. दोन मिलिमीटरपर्यंत सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, पुढे मात्र समोरच्याला चेहरा वेगळा दिसू लागतो. आणि ती नस दुखावल्यामुळे गाल बधिर होतो.

पहिली गोष्ट, आणि ही मी पस्तीस वर्षांत हजारदा सांगितली असेन: हाड नंतर, डोळा आधी. असा मार बसलेल्याचा डोळा तज्ज्ञाने पूर्ण तपासलाच पाहिजे. बुबुळापुढे रक्त साकळले आहे का, पडद्याला इजा झाली आहे का, गोळाच फुटला आहे का. सूज इतकी असते की पापणी उघडत नाही, आणि घरचे म्हणतात, "सूज उतरली की दाखवू." सूज उतरायला आठवडा लागतो. पडदा सुटला असेल तर तो आठवडा महाग पडतो. सूज आहे म्हणून पापणी बोटाने दाबून उघडायला जाऊ नये, आणि सूज आहे म्हणून वाटही पाहू नये.

दुसरी गोष्ट लहानशी, पण फार उपयोगाची. अशा माणसाने नाक शिंकरू नये. तळाला भोक पडलेले असते. नाक शिंकरले की सायनसमधली हवा त्यातून वर डोळ्याभोवती शिरते आणि पापणी पुरीसारखी टम्म फुगते. एक गृहस्थ वॉर्डात दाखल झाले ते एका डोळ्याने पाहत होते. नको नको म्हणत असता त्यांनी रुमाल काढून जोरात शिंकरले आणि डोळा दिसेनासा झाला. घाबरून त्यांची बायको ओरडली. ती हवा बहुधा आपोआप जिरते, पण दाब फार वाढला तर दृष्टीवर बेतते. ऑपरेशननंतरही काही आठवडे हाच नियम. शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवून द्यावी.

आता ऑपरेशन. आपल्याकडे एकीच्या मामेसासूचे हाड मोडले आणि ऑपरेशन झाले, दुसरीच्या दिराचे मोडले आणि डॉक्टर म्हणाले गरज नाही. मग दोघी भांडतात की कोणाचा डॉक्टर चांगला. दोघांचेही बरोबर असू शकते. स्मिथ आणि रेगन ह्यांच्या लेखानंतर पुष्कळ वर्षे, तळ फुटला की लवकर ऑपरेशन करावे असा प्रघात होता. १९७४ साली अमेरिकेतल्याच ॲलन पुटरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑपरेशन न करता सांभाळलेल्या रोग्यांची हकीगत छापली. त्यात बहुतेकांचे दोन दिसणे काही महिन्यांत आपोआप ओसरलेले आढळले. त्यावर खूप वाद झाले. आज मधला मार्ग आहे. सी. टी. स्कॅन काढतात. भेग लहान असेल, स्नायू मोकळा असेल, डोळा आत गेलेला नसेल, तर थांबतात. अर्ध्याहून जास्त तळ गेला असेल, डोळा आत गेला असेल, किंवा स्नायू अडकून दोन दिसणे कमी होत नसेल, तर सूज थोडी उतरू देऊन साधारण दोन आठवड्यांच्या आत करतात. त्याहून उशीर झाला म्हणजे काहीच होत नाही असे नाही. पण आत व्रण धरतो, सगळे एकमेकांना चिकटते, आणि काम अवघड होते.

ऑपरेशनला भूल पूर्ण देतात. पुष्कळदा खालच्या पापणीच्या आतून वाट काढतात, म्हणजे चेहऱ्यावर व्रण दिसत नाही. कधी पापणीच्या केसांखालून किंवा खालच्या घडीतून जातात. खाली घसरलेले सगळे अलगद वर घेतात आणि भगदाडावर आधार ठेवतात. पूर्वी कमरेच्या हाडाचा किंवा बरगडीचा तुकडा घेत, तर रोगी डोळ्यापेक्षा कंबर जास्त दुखते म्हणून तक्रार करी. मग सिलिकोनच्या पट्ट्या आल्या. आता टिटॅनियमची बारीक जाळी, सच्छिद्र प्लॅस्टिकची चकती, किंवा काही महिन्यांत शरीरात विरघळून जाणारी पट्टी वापरतात. शेवटी डोळ्याला बारीक चिमट्याने धरून वर-खाली हलवून पाहतात. मोकळा फिरला तर अडकलेले सुटले. तो क्षण मला फार आवडे. तोवर थिएटरात कोणी बोलत नसे, आणि डोळा मोकळा फिरला की सर्जन नेहमी चहाचे नाव काढीत.

ऑपरेशननंतरची पहिली रात्र परिचारिकेची. डोळ्यावर घट्ट पट्टी बांधून रोग्याला झोपवले, असे नसते. थोड्या थोड्या वेळाने बॅटरीचा उजेड टाकून बाहुली पाहायची आणि विचारायचे, "किती बोटे?" नातेवाईक चिडत. "सिस्टर, आत्ता कुठे डोळा लागला होता, का उठवता?" का उठवते ते सांगते. ह्या ऑपरेशनात दृष्टी जाण्याचा धोका फार विरळा आहे. हजारांत मोजावा इतका. पण तो असतो, आणि आला तर बहुधा पहिल्या चोवीस तासांत. डोळ्यामागे रक्तस्राव होतो, कोंडलेल्या जागेत दाब वाढतो आणि दृष्टीची नस गुदमरते. एकदा पहाटे तीनच्या सुमारास एका बाईने माझी बोटे मोजली नाहीत. म्हणाली, "उजेडच कमी झाला आहे." डोळा पुढे आलेला, बोट लावले तर सुपारीसारखा टणक. डॉक्टर धावत आले आणि त्यांनी तिथेच खाटेवर पापणीचा बाहेरचा कोपरा कापून दाब मोकळा केला. सकाळी तिने सहा वाजल्याचे घड्याळात पाहून सांगितले. तेव्हापासून कोणी कितीही रागावले तरी मी रोग्याला उठवीत असे. घरी आलेल्या रोग्यालाही एकाएकी तीव्र कळ, डोळा पुढे येणे आणि नजर मंदावणे ही तीन लक्षणे झाली तर सकाळची वाट पाहायची नसते.

आता त्या शहाळीच्या दिवशीच्या प्रश्नाकडे येते. ऑपरेशन झाले, तरी दोन का दिसतात? भगिनींनो, कारण स्नायूला मार बसलेला असतो. त्याला सूज असते, आत रक्त साकळलेले असते, नस बधिरलेली असते, आणि ऑपरेशनात त्याला हात लागलेला असतो. ऑपरेशनने स्नायूची वाट मोकळी केली. चालायचे त्याला स्वतःलाच आहे. पाय प्लॅस्टरमधून काढला की त्याच दिवशी कोणी फुगडी घालते का? पहिल्या काही दिवसांत दोन दिसणे ऑपरेशनपूर्वीपेक्षाही जास्त वाटते, आणि तेही रीतसरच आहे. आठवड्यांनी आणि महिन्यांनी ते कमी होत जाते. पुष्कळांचे समोर पाहताना आणि वाचताना पूर्ण जाते. टोकाला, अगदी वर किंवा अगदी बाजूला पाहताना, थोडे उरते आणि त्याची अडचण होत नाही. काहींचे मात्र त्रास देण्याइतके राहते. त्यांना चष्म्यात प्रिझम देतात, आणि साधारण सहा महिने मोजमाप स्थिर राहिले की तिरळेपणाचे करतात तसले स्नायूचे ऑपरेशन करतात. त्याआधी घाई केली तर मोजमापच बदलते.

ह्यात एक बारकावा बायकांनी लक्षात घेण्यासारखा आहे. वर पाहताना दोन दिसले तर मनुष्य चालवून घेतो. खाली पाहताना दोन दिसले तर जीव मेटाकुटीला येतो. कारण आपले सगळे काम खालीच आहे. पोळी लाटणे, विळीवर चिरणे, सुईत दोरा, पोथी, जिना. डॉक्टर विचारतात, "कसे वाटते?" आपण म्हणतो, "बरे आहे." असे सांगू नये. "जिना उतरताना दोन पायऱ्या दिसतात," असे सांगावे. त्यावर त्यांना उपाय करता येतो. 'बरे आहे' ह्यावर करता येत नाही.

बधिर गालाचेही तसेच. ऑपरेशनने नस लगेच जागी होत नाही. चहाचा कप ओठाला लागला की नाही कळत नाही, घास गालाबाहेर राहतो. महिनोन् महिने मुंग्या येतात. मुंग्या येणे हे बहुधा नस जागी होत असल्याचे चिन्ह. बहुतेकांचे पुष्कळ सुधारते, थोड्यांना एखादा बधिर ठिपका कायम राहतो.

खालची पापणी कधी व्रण आखडल्यामुळे खाली ओढली जाते, बुबुळाखालचे पांढरे दिसू लागते, डोळ्यातून पाणी येते. सुरुवातीच्या महिन्यांत डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे पापणी वर चोळली तर कित्येकदा ती सुधारते. नाहीच तर छोटी दुरुस्ती करावी लागते. डोळा थोडा आत जाणे हे सूज उतरल्यावरच कळते. म्हणून पहिल्या पंधरवड्यात आरशात पाहून "छान झाले" म्हणणेही लवकरचे आणि "बिघडले" म्हणणेही लवकरचेच. बसवलेली वस्तू सरकणे, तिला पू होणे हे क्वचित घडते. पण ते वर्षांनंतरही घडू शकते. वॉर्डात एक आजोबा आले होते. पापणीखाली सूज आणि स्राव. सगळ्यांना वाटले दाताचे आहे. बोलता बोलता कळले की तरुणपणी डोळ्याखाली सिलिकोनची पट्टी बसवली होती; ते स्वतःच विसरून गेले होते! पट्टी काढली आणि बरे झाले. तेव्हा असे काही शरीरात असेल तर त्याचा कागद घरात दागिन्यांच्या डब्यात ठेवावा, आणि नव्या डॉक्टरला पहिल्यांदा तो दाखवावा.

हाड जुळले म्हणजे सारे जुळले, असे मात्र समजू नये. इंग्लंडचा क्रेग कीस्वेटर हा यष्टिरक्षक-फलंदाज २०१० च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात सामनावीर ठरला होता. २०१४ साली चेंडू त्याच्या हेल्मेटच्या जाळीतून आत शिरला. नाक आणि खोबणीचे हाड मोडले. हाडे भरून आली, त्याने पुन्हा बॅटही धरली. पण नजर पूर्वीसारखी राहिली नाही म्हणून २०१५ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने खेळ सोडला. आपल्यातल्या कोणीला वेगवान गोलंदाजी खेळायची नाही, हे खरे. पण रस्ता ओलांडताना रिक्षा किती लांब आहे हे आपल्यालाही ठरवावे लागते. नजरेचा तो अंदाज परत यायला वेळ लागतो.

आतापर्यंत मी थांबा, धीर धरा, असेच सांगत आले. आता जिथे मुळीच थांबायचे नसते ते सांगते, आणि हे सांगणे मला सोपे नाही.

१९९४ चा मे महिना. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा नऊ वर्षांचा. अंगणात कबड्डी खेळताना मामेभावाचा गुडघा डोळ्यावर बसला. रडला, गप्प झाला. संध्याकाळी दोनदा उलटी झाली. जेवला नाही, डोळे मिटून पडून राहिला. बहिणीने मला फोन केला. मी विचारले, "डोळा लाल आहे का?" ती म्हणाली, "नाही ग ताई, पांढरा स्वच्छ आहे. काळेनिळेसुद्धा नाही फारसे." मी म्हटले, "मग ऊन लागले असेल. कोकमाचे सरबत दे, निजू दे." डोळ्यांच्या वॉर्डात तेरा वर्षे काढलेल्या बाईने हे सांगितले. दोन दिवसांनी, उलट्या थांबल्या असे कळल्यावर, मी निर्धास्त झाले. आठव्या दिवशी तो माझ्याकडे आला. मी पंख्याचे बटण दाबत होते आणि म्हटले, "बघ, पंखा फिरतो का?" त्याने डोळे वर न करता सबंध मान मागे टाकली. तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली.

लहान मुलांची हाडे ओल्या फांदीसारखी. ती तुटून पडत नाहीत. वाकतात, भेग उघडते, आणि स्नायूला चिमटीत पकडून पुन्हा मिटते. उंदराचा सापळाच म्हणा. बाहेर काही दिसत नाही. डोळा पांढरा, सूज थोडी. पण आत स्नायूचा रक्तपुरवठा कोंडलेला असतो. अडकलेला स्नायू ओढला गेला की डोळ्यापासून हृदयाला जाणाऱ्या नसांच्या साखळीमुळे मळमळते, उलट्या होतात, नाडी मंद होते. लोकांना वाटते डोक्याला मार लागला, किंवा ऊन, किंवा शाळा बुडवायचे सोंग. १९९८ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी ह्याच 'पांढऱ्या डोळ्या'च्या नावाने लेख लिहिला आणि ह्या मुलांचे ऑपरेशन आठवड्यांत नव्हे, दिवसांत करावे असे बजावले. आज तर चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांच्या आत करावे असे मानतात. उशीर झाला तर तो स्नायू मरतो, त्याची दोरी होते, आणि मग कोणी कितीही सुबक ऑपरेशन केले तरी ती दोरी लवत नाही.

माझ्या भाच्याचे ऑपरेशन अकराव्या दिवशी झाले. सर्जनच्या कामात काही कमी नव्हते. उशीर आमचा होता, माझा होता. समोर त्याला एकच दिसते, वाचताना एकच दिसते. वर पाहिले की दोन. आज तो चाळिशीचा आहे, नोकरी करतो, दोन मुलांचा बाप आहे. पाडव्याला गुढी उभारली की सगळे नुसते डोळे वर करून पाहतात. तो मान मागे टाकून पाहतो. त्याच्या बायकोला वाटे ही भक्तीची तऱ्हा. माझ्या बहिणीने मला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. तो स्वतः मला चिडवतो, "मावशी, तुझ्यामुळे मला पतंग दोन मिळतात." मी हसते.

तेव्हा मुलाच्या डोळ्यावर मार बसला, मूल वर पाहत नाही, डोळे हलवले की रडते, आणि उलटी होते आहे, तर डोळा कितीही स्वच्छ दिसो, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे. उलटी डोक्याच्या मारामुळे असेल तरी जायला हवेच. आणि तिथे "हा वर पाहत नाही," हे आपण होऊन सांगावे.

आणखी एक हकीगत सांगू की नको, ह्याचा मी आठ दिवस विचार केला. १९९० च्या सुमाराची. तिशीची एक बाई दाखल झाली. मोरीत घसरून पडले, असे तिने सांगितले. कागदावर तसेच लिहिले गेले. तळाचे हाड मोडलेले, डावीकडचे. मोरीत पडणारी बाई हात टेकते, मनगट मोडते, भुवई फुटते. हिच्या मनगटावर खरचटलेलेसुद्धा नव्हते. दंडावर मात्र चार बोटांचे वळ होते. ऑपरेशन उत्तम झाले. डोळा सगळीकडे फिरत होता, गालही जागा होऊ लागला होता. घरी जाण्याच्या दिवशी तिचा नवरा बिल भरायला गेला असता तिने मला विचारले, "सिस्टर, दुसऱ्यांदा मोडले तर पुन्हा बसवता येते का?" मी म्हटले, "येते, पण अवघड जाते. जपा." एवढेच. प्रश्न मला ऐकू आला होता, समजलाही होता; उत्तर मी फक्त हाडाचे दिले. ती परत आमच्या वॉर्डात आली नाही. का आली नाही, हे मला माहीत नाही.

त्या वेळी तिला सांगायला माझ्याजवळ फारसे काही नव्हते, असे मी मनाची समजूत घालते. आता २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, १८१ ह्या क्रमांकावर फोन करता येतो, आणि आपले मंडळ आहे. मोरीत पडण्याच्या गोष्टी मात्र मी अजून ऐकते, ह्या गल्लीतही ऐकते.

भाषण संपवण्यापूर्वी चिटणीसबाईंकडे आलेल्या चिठ्ठ्यांतले दोन प्रश्न. एकीने विचारले आहे की डोळ्याखाली जाळी असली तर विमानतळावर घंटा वाजते का. जाळी नखाएवढी असते. बहुधा वाजत नाही. मात्र ताज्या दुखापतीत किंवा ऑपरेशननंतर लगेच डॉक्टरांना विचारल्याशिवाय विमानाने जाऊ नये, कारण तीच हवेची भानगड. दुसरीने विचारले आहे की टिटॅनियमची जाळी असताना एम. आर. आय. काढता येतो का. टिटॅनियमला चुंबक ओढत नाही. सहसा काढता येतो, पण आधी सांगावे. त्यासाठीच तो दागिन्यांच्या डब्यातला कागद.

आणि आपल्या दुसऱ्या रांगेतल्या भगिनींविषयी. येत्या फाल्गुनात त्यांच्या ऑपरेशनला सहा महिने होतील. तेव्हा मोजमाप आहे. समोर त्यांना आता एकच दिसते, जिन्याची पायरी अजून कधी कधी दोन दिसते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या आल्या होत्या आणि तीळगूळ देताना त्यांचा हात एकदा माझ्या हाताच्या बाजूने गेला. दुसऱ्यांदा बरोबर आला. आज कार्यक्रम संपल्यावर खाली उतरताना त्यांच्या उजव्या बाजूला कोणीतरी चालावे. किती दिसतात, हे विचारू नये.